टोरोंटोला जाताना मशीनचं आणि सासूबाईंचं

तुम्ही विचारलंय, डोंबिवलीहून टोरोंटोला निघालोय, नवरा रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकातून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपतो, सासूबाईंना फुफ्फुसांचं फायब्रोसिस (फुफ्फुसांवर व्रण पडून श्वास अपुरा पडतो तो आजार) आहे, त्यांना वर्षभराने नेऊ, तर तिकडे स्पेशालिस्ट मिळतात का? व्हिसा-इन्शुरन्सचं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

डॉक्टर चांगलेच आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचता पोचता जीव जातो. परळला मी मंगळवारी फोन केला आणि शुक्रवारी छातीच्या डॉक्टरांपुढे बसलो होतो. इथे टोरोंटोत आधी फॅमिली डॉक्टर, मग त्याची चिठ्ठी, मग वाट बघा. मीही सीपॅपवालाच; माझ्या परळच्या स्लीप स्टडीत (झोपेतल्या श्वासाची तपासणी) तासाला ४२ वेळा श्वास अडकत होता. ३० च्या वर गेलं की गंभीर धरतात. इथल्या डॉक्टर बाईंनी तो एकपानी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, परत करावी लागेल. पुन्हा रात्रभर डोक्याला तारा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. आकडा आला ४१. त्या एकासाठी पाच महिने! नंतर मात्र ओंटारिओ सरकारने मशीनच्या ठरलेल्या किमतीचे ७५ टक्के भरले, हेही सांगायला हवं.

मुंबईहून आणलेलं मशीन? ते मी चेक-इन बॅगेत टाकलं होतं, टाकीतलं पाणी न काढता. पाणी मशीनच्या मोटरमध्ये गेलं. तुम्ही टाकी रिकामी करा, मशीन हातातल्या सामानात घ्या, आणि आलेखांसकट पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, प्रेशरच्या आकड्यासकट.

ते पाच महिने मी बसमध्येही पेंगायचो. त्यातच शाळेने मुलाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. दादरला पाच वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेला पोरगा! कारण काय, तर पहिल्या दिवशी तो बोलला नाही. मीटिंगला मी गेलो, मान डोलावली, सही केली. भांडायचं त्राणच नव्हतं. तो आता कॉलेजात आहे, विसरलाही असेल. मी नाही विसरलो.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जानेवारीत जास्त. पुढे.

'वर्षभराने नेऊ' हे मीही म्हणालो होतो, २०१४ मध्ये. आईचं घर दादरच्या कबुतरखान्याजवळ. माझ्या पहिल्या पगारातून तिच्या खोलीला एसी बसवला आणि त्याच्या मागे कबुतरांनी घरटं केलं. विष्ठेतले, पिसांतले कण वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले की काहींच्या फुफ्फुसांना सूज येते, मग व्रण पडतात, आणि पडलेले व्रण भरून येत नाहीत. आईचा खोकला आम्ही दोन वर्षं 'हवा बदलली' म्हणून सोडून दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये पालिकेने कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, तेव्हा ती ऑक्सिजनवर होती. व्हिडिओ कॉलवर ती फोन इतका जवळ धरते की मला फक्त कपाळ आणि डोळे दिसतात. नाकातली नळी दिसू नये म्हणून. मागे काँसन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) घरघर चालूच असते.

आता डॉक्टर आईच्या विमानप्रवासाला नाही म्हणतात. केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्या इतकी विरळ असू शकते. म्हणून सासूबाईंची सहा मिनिटं चालण्याची टेस्ट आणि विमानप्रवासासाठीची ऑक्सिजनची तपासणी आत्ताच करा, वर्षाने नको. पोर्टेबल काँसन्ट्रेटर लागणार असेल तर एअरलाइनला आधी कळवा. बऱ्याच कंपन्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या मागतात. आणि जमलं तर त्यांना बरोबरच घेऊन या.