२ आणि ४ टीबीच्या मिररमध्ये ८ टीबी डिस्क: जुनी सगळ्यात शेवटी काढा

तुम्ही सांगितलेली मांडणी अशी: लिनक्सवर एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या टूलने केलेला रेड १ (म्हणजे मिरर, सगळ्या डिस्कवर तोच डेटा), त्यात एक २ टीबीची आणि एक ४ टीबीची डिस्क, जागा भरत आलेली आणि हातात सध्या एकच नवी ८ टीबी. २ टीबी काढून तिथे ८ लावली तर चालेल का, डेटा जाणार तर नाही ना, असा प्रश्न.

चालेल. पण आधी काढू नका, आधी लावा.

मिररमध्ये जागा मिळते ती सगळ्यात लहान डिस्कएवढी. आज तुमच्या ४ टीबीतली निम्मी जागा पडून आहे. २ टीबी गेल्यावर मिरर ४ टीबीचा होईल आणि मग ८ मधली निम्मी पडून राहील. दुसरी ८ टीबी येईपर्यंत हे असंच चालणार.

सर्रास सांगितली जाणारी पद्धत म्हणजे एक काढा, नवी लावा, सिंक (नव्या डिस्कवर डेटाची नक्कल) होऊ द्या. ती चुकीची नाही, पण सिंक पुरं होईपर्यंत सगळा डेटा एकाच जुन्या डिस्कच्या भरवशावर असतो, आणि नेमकी तेव्हाच ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. ज्या फाइली वर्षानुवर्षं कोणी उघडल्या नाहीत, त्यांच्याखालचा खराब सेक्टर त्या रात्री समोर येतो. माझ्याकडे तो ९१ टक्क्यांवर आला. काढलेली डिस्क अजून पुसली नव्हती, म्हणून निभावलं.

रेड १ मध्ये दोनच डिस्क असाव्यात असा काही नियम नाही. ८ टीबीवर जीपीटी पार्टिशन टेबल करा (जुनं एमबीआर साधारण २ टीबीच्या पुढे जात नाही), एकच मोठं पार्टिशन करा आणि एमडीएडीएमच्या ग्रो पर्यायाने मिररमधल्या डिस्कची संख्या ३ करून ती आत घ्या. २ टीबीचं सिंक सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने पावणेचार तासांत होतं. डिस्क एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) निघाली तर याच्या कितीतरी पट वेळ धरा. त्याआधी दोन्ही जुन्या डिस्कवर स्मार्टची (डिस्कची स्वतःची तब्येत-तपासणी) लांब टेस्ट आणि मिररचा चेक चालवा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेले, संशयित) शून्याच्या वर दिसले तर आधी बॅकअप, मग बाकीचं. बॅकअप तसाही हवाच. चुकून डिलीट केलेली फाइल मिरर दोन्हीकडून तितक्याच इमानाने डिलीट करतो.

आता खरी मेख. तुमच्या ४ टीबीवर मिररला दिलेलं पार्टिशन बहुधा २ टीबीचंच आहे. ते वाढवलं नाही तर २ टीबी काढूनही जागा तसूभर वाढणार नाही. बहुतेक लोक इथे २ टीबी काढून मोकळे होतात आणि मग ४ टीबीशी झटापट करतात, तीही चालू अ‍ॅरेमध्ये. उलटं करा. तीन प्रती झाल्या की ४ टीबी बाहेर काढा. २ आणि ८ वर दोन प्रती शाबूत आहेत. आता ४ टीबीवर निवांत नवं, पूर्ण आकाराचं पार्टिशन करा आणि ती डिस्क परत आत घ्या. सिंक झालं, एमडीस्टॅट या मिररची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये तीनही यू (म्हणजे तीनही डिस्क ठीक) दिसले, की मग २ टीबीला निरोप द्या आणि संख्या परत २ वर आणा. दोनपेक्षा कमी प्रती एकदाही झाल्या नाहीत.

लगेच आकार वाढवू नका. दोनचार दिवस तसंच चालू द्या, कारण आकार वाढवला की २ टीबी त्या मिररमध्ये परत बसणार नाही. मग ग्रोमध्ये साइझ मॅक्स, नव्या भागाचं सिंक, आणि शेवटी फाइल सिस्टिम. एक्सटी४ आणि एक्सएफएस दोन्ही माउंट असतानाच वाढतात. एक्सएफएस नंतर लहान मात्र करता येत नाही.

डिस्क ओळखताना लिनक्सने दिलेल्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. मी एकदा या नावावर जाऊन चांगली डिस्क उपसली आणि आजारी आत ठेवली. तेव्हापासून केबिनेट उघडलं की टॉर्च मारून स्टिकरवरचा सीरियल नंबर वाचतो आणि शेवटचे चार आकडे मार्करने डिस्कच्या कडेवर लिहितो.

तिसरं साटा पोर्ट (मदरबोर्डवर डिस्क जोडायची जागा) नसेल तर यूएसबी डॉक तात्पुरता चालतो, पण काही डॉक सेक्टरचा आकार वेगळा सांगतात. तिथे केलेलं पार्टिशन साटावर दिसतच नाही. म्हणून सिंक सुरू करण्याआधी डिस्क एकदा साटावर लावून पार्टिशन दिसतंय ना ते बघा.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांसाठी हाच प्रकार अटॅच आणि डिटॅचने होतो, ऑटोएक्सपांड चालू ठेवा. तसाच दुसरा फाइल सिस्टिमचा पर्याय बीटीआरएफएस तर २, ४ आणि ८ तिन्ही ठेवून दोन प्रतींत ६ टीबी देतो. पण त्यासाठी आत्ता सगळं हलवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही.

मिररवरूनच बूट होत असेल, तर ४ आणि ८ या दोन्ही डिस्कवर ग्रब (बूट सुरू करून देणारा प्रोग्राम) बसवल्याशिवाय २ टीबी काढू नका. काढलेली २ टीबी न पुसता, तारीख लिहून कपाटात ठेवा. त्याच मशीनला जोडून बूट करू नका.