दाद दिल्यावर काय म्हणायचं?

एका ताईंनी विचारलंय: "कुणी साडीचं, स्वयंपाकाचं, ऑफिसातल्या कामाचं कौतुक केलं की तोंडून आपोआप 'थँक्यू' निघतं. 'धन्यवाद' फार भाषणी वाटतं, 'आभारी आहे' फार सरकारी. अस्सल मराठीत काय म्हणावं? आणि समोरचा 'धन्यवाद' म्हणाला तर 'आपले स्वागत आहे' हे उत्तर बरोबर आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्याने माझं डोकं फिरतं. नाही. मुळीच बरोबर नाही. स्वागत म्हणजे सु + आगत. कुणी आलं तर त्याचं स्वागत. धन्यवाद म्हणणारा माणूस कुठेही आलेला नसतो, उलट बहुतेक वेळा निघालेला असतो. कस्टमर केअरच्या ध्वनिमुद्रित बाईंनी हे वाक्य आपल्या गळ्यात मारलं आणि आता चांगली शिकलीसवरलेली माणसं ते खऱ्या तोंडाने म्हणतात. मराठीत त्या जागी "अहो, त्यात काय एवढं!" आहे, "असू दे हो" आहे, "आभार कसले मानताय!" आहे. जवळच्या माणसाला नुसतं "चल, गप" म्हटलं तरी चालतं.

आता धन्यवाद. हल्ली प्रत्येक सत्कार समारंभात कुणीतरी उठून "मी आयोजकांचे धन्यवाद मानतो" असं म्हणतोच. दुसरा "धन्यवाद करतो" म्हणतो. ते थेट हिंदीतून उचललेलं. बाबांनो, धन्यवाद देतात आणि आभार मानतात. ही क्रियापदं कुणा मास्तराने लहर लागली म्हणून ठरवलेली नाहीत. धन्यवाद म्हणजे "धन्य" असं म्हणणं, जसा साधुवाद म्हणजे "साधु, साधु" म्हणणं. म्हणजे धन्यवाद ही मुळात स्तुतीच आहे, आणि स्तुती ही शाबासकीसारखी द्यायची वस्तू. आभारात मात्र भार आहे. ते उपकाराचं ओझं आहे, आणि ओझं किंवा ऋण हे मानायचं असतं, द्यायचं नसतं. कुणी "तुझं अक्षर सुरेख आहे" म्हणालं आणि तुम्ही "धन्यवाद" म्हणालात, तर शब्दशः तुम्ही त्याच्या स्तुतीची परतफेड स्तुतीने केलीत: मी सुरेख, तर तू धन्य. हिशेब जागच्या जागी पुरा. "आभारी आहे" म्हणालात तर उधारी खात्यावर राहिली. त्यामुळे ताई, दोन्हींतून निवडायचंच असेल तर धन्यवाद निवडा. (सोसायटीच्या भिंतीवर "येथे थुंकू नये. धन्यवाद" असं असतं, त्यात धन्य कोण, हे मला अजून उमगलेलं नाही.)

पण धन्यवाद भाषणी वाटतो ही तक्रारही खरी आहे. घरात, शेजारात तो कुणी वापरत नसे. तिथे मराठी माणूस स्तुती स्वीकारतच नाही, ती वरच्या वर परतवतो. हळदीकुंकवाला कुणी म्हणालं, "कानातले काय गोड आहेत गं!" तर पुढचं वाक्य ठरलेलं: "अगं, तुळशीबागेतले आहेत, शंभराला जोडी." साडी छान म्हटली की "जुनीच आहे". आमटी छान म्हटली की "मीठ जरा जास्तच झालंय", आणि हे सांगताना हातातली पळी पुन्हा तुमच्याच पानाकडे वळलेली. मुलगा हुशार म्हटलं की "डोकं आहे, पण बूड टेकून बसेल तर ना!" यावर व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवणारी मंडळी फार उखडतात. हा म्हणे न्यूनगंड आहे, समोरच्याचा अपमान आहे. ताठ बसावं, डोळ्यांत बघावं आणि स्तुतीचा स्वीकार करावा. या मंडळींना दृष्ट हा शब्द कुणी शिकवलेला दिसत नाही. जिथे "दृष्ट लागण्याजोगा" हीच वरच्या दर्जाची स्तुती आहे, तिथे स्तुतीला उतारा लागणारच. "जुनीच आहे" ही बाळाच्या गालावरची काळी तीट आहे. आई बाळाला कुरूप करायला तीट लावत नाही; आणि "जुनीच आहे" म्हणणारीलाही साडी नवी आहे हे पक्कं ठाऊक असतं, तुम्हालाही असतं. कुणी कुणाला फसवत नाही.

कौतुकाबद्दल एवढंच सांगतो की ते मुळात स्तुती नव्हे. कुतुक, कुतूहल यांच्याच घरातला तो शब्द. नवल, गंमत, लीला असा त्याचा जुना पसारा. संस्कृतात तर लग्नात मनगटाला बांधतात त्या मंगल धाग्यालाही कौतुक म्हटलंय. आणि हे निघालंच आहे तर: ज्ञानेश्वरीतली सहाव्या अध्यायातली ती ओवी "माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजां जिंके" अशी आहे. "माझ्या मराठीची बोलू कौतुके" अशी नाही. मराठी भाषा दिनाच्या फलकांवर दरवर्षी हेच. तिथला "बोलु" हे नाम आहे, बोल या अर्थाचं. "चला, बोलू या" मधलं क्रियापद नव्हे. जुन्या मराठीत पुल्लिंगी नामं अशी उकारान्त येत. आणि "कौतुकें" म्हणजे लीलेने, सहज खेळता खेळता, असाच अर्थ मी लावतो. बोल मराठीच खरा, पण सहज पैजेत अमृताला हरवील, असं ज्ञानदेव म्हणतात. भाषेची कौतुकं बोलत बसायला त्यांना वेळ नव्हता.

असो. ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो दाद.

"रसिकांनी भरभरून दाद दिली" हे वृत्तपत्रात रोज येतं. "उच्च न्यायालयात दाद मागितली" हेही रोज येतं, कधी कधी एकाच पानावर. "ताप औषधाला दाद देत नाही" हे घरात चालू असतं. "दाद ना फिर्याद" ही तर म्हणच झाली. चारही ठिकाणी शब्द एकच, आणि तो फारसी आहे. अर्थ: न्याय. त्याचा विरुद्धार्थी शब्द बेदाद, म्हणजे अन्याय, जुलूम; उर्दू शायरीत तो पावलोपावली भेटतो. न्यायालयात दाद मागतात तो मूळ अर्थ. मैफलीतली दाद हा त्याचा विस्तार: शेराला, तानेला, तिहाईला जे मिळायला हवं ते देणं, म्हणजे तिला न्याय देणं. तापाचंही तेच. औषधाने फिर्याद केली, तापाने ती ऐकूनच घेतली नाही.

इथे काही कोशाळू मंडळी लगेच म्हणतात, यात फारसी कशाला आणता? संस्कृत "दा" म्हणजे देणे, त्यावरून दाद; म्हणून तर "दाद देणे" म्हणतात! अगदी गोंडस व्युत्पत्ती, आणि चूक. मग दाद मागतात ती कुठून आली? दाद लागते ती कुठून? माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियन यांचा, फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला. शंभर वर्षं उलटली, तरी फारसी शब्द दिसला की त्याला मुंज लावून संस्कृत करण्याची खोड काही जात नाही. आणि गंमत अशी की संस्कृतातलं नातंच हवं असेल तर ते आहे, पण यांनी धातू चुकीचा धरलाय. दा नव्हे, धा!

बघा कसं ते. इराणी भाषांनी फार पूर्वीच भ, ध, घ या अक्षरांतला हकार टाकून दिला. आपल्या भ्रात्याचा तिकडे बिरादर झाला तो असाच. त्यामुळे संस्कृतातले दोन वेगळे धातू, दा म्हणजे देणे आणि धा म्हणजे ठेवणे, स्थापणे, तिकडे जाऊन दोन्ही "दा" झाले. आज फारसीत "दाद" म्हणजे "दिलं" असाही एक शब्द आहे; तो दा चा. पण न्याय या अर्थाचा दाद आलाय प्राचीन फारसीतल्या "दात" या शब्दावरून, आणि त्याचा अर्थ कायदा: जे स्थापून, घालून दिलंय ते. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने इ.स.पू. ५२० च्या सुमारास जो लेख कोरून घेतला, त्यात तो म्हणतो की हे देश माझ्या "दाता"प्रमाणे चालले. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथाच्या नावातला शेवटचा "दाद" तोच. दएवांविरुद्धचा म्हणजे दुष्ट शक्तींविरुद्धचा कायदा असा त्या नावाचा अर्थ. मुंबईत हा शब्द पारशांच्या अग्यारीत आहे आणि उच्च न्यायालयाच्या इमारतीतही आहे.

आणि आपल्याकडे धा ने काय काय केलं? वि लावून विधी, विधान, विधिमंडळ. सम् लावून संहिता. धा चं भूतकाळी रूप "हित" होतं, ते त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातली संहिता आणि मैफलीत दिलेली दाद या एकाच आजीच्या नाती आहेत. सगळ्यांचं काम एक: जे जिथे असायला हवं, ते तिथे ठेवणं. समेवर तबला आणि बंदिशीचा मुखडा एकदम येऊन टेकतात, तेव्हा श्रोत्यांची मान हलते ना, तीही तेच सांगते की ठेवायचं तिथे ठेवलंस.

आता माझं मत, आणि ते मी सोडणार नाही. शाबासकी ही वरून खाली येते. शाबास हा शब्दच "शाद बाश" म्हणजे "आनंदी राहा" असा आशीर्वाद आहे. म्हणून मोठ्यांनी शाबास म्हटलं की थँक्यू म्हणत नाहीत, वाकून नमस्कार करतात. गोव्यात आभारासाठी म्हणतात "देव बरें करूं", तोही आशीर्वादच, फक्त उलट दिशेने आलेला. दाद मात्र ना वरून येते ना खालून. ती न्याय आहे, आणि न्याय मिळाला म्हणून कुणी न्यायाधीशाचे आभार मानत नाही. खटला जिंकलेल्याने "माय लॉर्ड, थँक्यू सो मच" म्हटलेलं कसं दिसेल?

गवयांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते नेमकं हेच करतात. सवाई गंधर्व महोत्सवात एखादी जागा जमून गेली आणि मांडवातून "वाह!" आली, की गाणारा थांबून बोलत नाही. उजवा हात क्षणभर छातीशी जातो, मान जराशी लवते, आणि तान पुढे सुरू. गुरूचं नाव घ्यायची वेळ आलीच तर बोटं कानाच्या पाळीला. म्हणजे निकाल ऐकला, मान्य आहे, श्रेय तिकडे. बालगंधर्व तर प्रेक्षकांना "अन्नदाते मायबाप" म्हणत. आणि त्यांचं हे नावच टिळकांनी दिलेली दाद आहे, असं सांगतात. एवढी टिकाऊ दाद दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं ऐकलं नाही.

याच्या उलट हल्लीचे सूत्रसंचालक. "मंडळी, आवाज पोचला नाही, जोरदार टाळ्या झाल्याच पाहिजेत!" अरे, दाद मागायची जागा न्यायालय; मैफलीत ती मिळाली तर मिळते. मुशायऱ्यात शायर "दाद चाहूँगा" म्हणतो ते मला चालतं, कारण तो स्वतःच्या शेरासाठी, स्वतःच्या तोंडाने फिर्याद करतो. दुसऱ्यासाठी टाळ्या वसूल करणारा हा वकीलपत्र न घेतलेला वकील कोण?

तर ताई, घरगुती कौतुकाला अस्सल मराठी उत्तर हवं असेल तर ते आहे: "कसचं, कसचं!" कसचं म्हणजे कशाचं. दोनदा म्हणायचं, एकदाच म्हटलं तर भांडण वाटतं. थोडं हसून म्हणायचं, आणि लगेच "चहा घेणार ना?" हे विचारून टाकायचं. ऑफिसात "धन्यवाद" पुरे. गाण्याला, नाचाला, कवितेला कुणी दाद दिली तर काहीच म्हणू नका, मान लववा. आणि थँक्यू तोंडून निघून गेलं तर निघू दे. "धन्यवाद मानतो" यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

पुढचे प्रश्न येणार हे ठाऊक असल्यामुळे आताच सांगून ठेवतो. दादा, दादर (जिना या अर्थी) आणि दादरा ताल यांचा या दादशी काही संबंध नाही. हिंदीत दाद नावाचा एक त्वचारोग आहे, आपलं गजकर्ण. तो संस्कृत दद्रूवरून आला. त्याच्या मलमाच्या जाहिरातीत "दाद से छुटकारा" असं लिहिलेलं असतं. ते सूत्रसंचालकांविषयी नाही.