नैवेद्याच्या आधी लेकीचं ताट

एका वाचक आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आम्ही टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे. चार वर्षांची असताना पुण्याच्या एका संस्थेतून आम्ही तिला घरी आणलं. शाळेत ती दिवसभर गप्प असायची आणि घरी आली की रडायची, म्हणून गेल्या वर्षापासून मीच तिला घरी शिकवते. घरात रोज पूजा असते, सणवार असतात. वर्षातले काही महिने सासूबाई आमच्याकडे असतात. हल्ली मुलगी संध्याकाळी शुभंकरोति म्हणायला नाही म्हणते. परवा तर म्हणाली, 'बाप्पा चांगला आहे ना, मग त्याने मला पहिल्या आईकडेच का नाही ठेवलं?' मला काही उत्तर सुचलं नाही. सासूबाई गोत्राचा विषय काढतात. इथला होमस्कूलिंगचा गट चांगला आहे, पण पूर्ण ख्रिश्चन आहे. अभ्यासावरून रोज भांडणं होतात. कुठून सुरुवात करू?"

तिच्या प्रश्नापासूनच करा. उत्तर सुचलं नाही हे एका परीने बरंच झालं, कारण आपल्याकडे चटकन जे उत्तर दिलं जातं ते फार त्रासाचं असतं. "देवानेच तुला आमच्यासाठी पाठवलं." म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, पण आठ वर्षांची मुलगी हिशोब करते. देवाने मला इथे पाठवलं, म्हणजे तिथून काढलंही देवानेच. आईबाबांना मूल हवं होतं म्हणून दुसऱ्या एका आईचं मूल गेलं. शिवाय ही देवाची योजना असेल तर मला त्याचं वाईट वाटणं म्हणजे देवावर रुसणं, आणि ते तर चालत नाही. एवढं ओझं तिच्या डोक्यावर का ठेवायचं? "तिचं तुझ्यावर प्रेम होतं म्हणूनच तिने तुला दिलं" हे वाक्यही तसंच. प्रेम करणारी माणसं देऊन टाकतात, एवढाच अर्थ मुलाच्या हाती उरतो, आणि प्रेम तर तुम्हीही करता.

तिला सरळ सांगा की मला माहीत नाही. मलाही कधी कधी हा प्रश्न पडतो, आणि तुला वाईट वाटतं ते खरं आहे. मग कागदात जे आहे तेवढं, तिच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगा. दत्तक देताना संस्थेने जो बालकाचा अहवाल दिला होता तो पुन्हा काढून वाचा. आईने स्वतः येऊन मूल संस्थेच्या स्वाधीन केलं असेल तर कायद्याने तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळालेले असतात. मूल कुठे सापडलं असेल तर गोष्ट वेगळी. जे लिहिलेलं नाही ते मनाने भरू नका. "ती गरीब होती", "ती देवाघरी गेली" ही आपण रचलेली वाक्यं पुढे खोटी ठरली तर मुलीचा विश्वास तुमच्यावरून उडेल, त्या बाईवरून नाही. अठरा पूर्ण झाल्यावर ती स्वतः आणि त्याआधी तुमच्यासोबत, आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी रीतसर अर्ज करू शकते. तिसऱ्या माणसाकरवी असा शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्यांच्या खासगीपणाचा हक्कही कायद्याने राखलेला आहे. हे तुम्ही आत्ताच समजून घ्या. तिला दहाव्या-बाराव्या वर्षी सांगायला उपयोगी पडेल.

कृष्णाची गोष्ट तुम्ही सांगितलीच असेल. दत्तक मुलांच्या घरात देवकी आणि यशोदा हमखास येतात. पण ही गोष्ट आपण अर्धी सांगतो. लोण्याचं मडकं, यशोदेचा धाक, आणि मग एकदम "बघ, दोन आया असल्या तरी किती लाडका होता!" खरी गोष्ट अशी आहे की अक्रूर रथ घेऊन येतो, कृष्ण मथुरेला जातो आणि यशोदा गोकुळातच राहते. मुलं हे बरोबर हेरतात. "मग मीपण जाणार?" असा प्रश्न येऊ शकतो. विचारताना त्यात भीती असते तशी थोडी आशाही असते, तिचा राग मानू नका.

मला स्वतःला मोठ्या मुलांसाठी कर्ण जास्त जवळचा वाटतो. त्याला निव्वळ दुर्दैवी योद्धा करून आपण त्याच्यावर अन्याय करतो. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं गुपित सांगतो, राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण राधेचं नाव घेतो. मला पाहून तिला पान्हा फुटला, माझं सगळं तिने केलं, तिला मी कसा अंतर देऊ, असं म्हणतो. आणि कुंती स्वतः येते तेव्हा तिलाही तो कडक शब्दांत सुनावतो. तरी अर्जुन सोडून तिच्या बाकीच्या मुलांना मारणार नाही असा शब्द देतो. सांभाळणाऱ्या आईवरची माया, जन्मदात्रीवरचा राग आणि तरीही तिच्याशी असलेलं नातं, हे तिन्ही एका माणसात मावतं. तुमच्या लेकीला आज नाही, पण चार-पाच वर्षांनी हे ऐकायला आवडेल. तोवर महाभारत घरात असू द्या.

आता शुभंकरोति. ते म्हणणं ही घरातल्या जागेची परीक्षा होऊ देऊ नका. दिवा तुम्ही लावा, तुम्ही म्हणा, ती सोफ्यावर चित्रं काढत बसली तरी बसू दे. "देवापुढे असं करतात का?" हे वाक्य काही दिवस अडगळीत टाका. एक शक्यता पत्रात नव्हती, ती सांगते. संस्थांमध्येही सांजवात होते, आरत्या होतात, मुलं एका रांगेत बसून श्लोक म्हणतात. चार वर्षं ती तिथे होती. शुभंकरोति तिला तुमच्या घराचं न वाटता त्या ओळीचं, त्या हॉलचं वाटत असेल. विचारून बघा, पण एकदाच आणि सहज. सांगितलं तर ऐका.

जेवणाबाबत मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय खायचं नाही हा नियम ज्या मुलाने कधी पोटाची खात्री अनुभवली नाही त्याच्यासाठी नाही. संस्थेत वाढलेली बरीच मुलं उशीखाली बिस्किटं ठेवतात, कपाटात पोळी दडवतात, पंगतीत दुसऱ्याच्या ताटाकडे बघत भराभर जेवतात. गणपतीत अकरा वाजेपर्यंत मोदकांचा वास येतोय आणि हात लावायचा नाही, हे आपल्या लेखी संस्कार असेल. तिच्या शरीराला ती जुनी ओळखीची धोक्याची खूण वाटते. तिचं ताट आधी वाढा. देवासाठी वेगळी वाटी काढून ठेवली की सोवळ्याचाही प्रश्न मिटतो, सासूबाईंनाही ते पटेल. एका डब्यात चिवडा, फळं, शेंगदाण्याचे लाडू तिच्या हाताला येतील असे कायम ठेवा, आणि त्यावर कुणी "आत्ताच तर जेवलीस" म्हणायचं नाही. उपास तिने स्वतः मागितला तरी सध्या नको.

अभ्यासावरून भांडणं होतात कारण तुम्ही दिवसाचे सहा तास शाळा भरवत असाल. अंदाज आहे, चुकला तर सोडून द्या. टेक्ससमध्ये घरची शाळा ही खासगी शाळाच मानली जाते. 1994 साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढे विषय मनापासून शिकवायचे, लिखित किंवा पडद्यावरच्या साहित्यावरून. तासांचं बंधन नाही, राज्याची परीक्षा नाही. आठ वर्षांच्या मुलीला दोन तास एकटीचं शिक्षण पुष्कळ झालं. (न्यूयॉर्कच्या वाचकांनी हे वाचून हरखून जाऊ नये. तिथे वर्षाचा आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. जर्मनीत तर घरी शिकवायला जवळजवळ बंदीच आहे, आणि स्वीडनमध्ये 2011 पासून अगदी अपवादानेच परवानगी मिळते.)

उरलेला दिवस तुम्ही फक्त आई असा. तुमच्या घरातला खरा पेच मला इथे दिसतो. शाळेत जाणाऱ्या मुलाचं बाईंशी बिनसलं तर ते घरी येऊन आईच्या कुशीत शिरतं. तुमच्या लेकीला चुकलेल्या गणिताची ओरड जिथून मिळते तिथेच कुशीही शोधायची आहे, आणि तीही अवघ्या चार वर्षांच्या ओळखीवर. म्हणून ज्या विषयावरून सर्वांत जास्त वाजतं तो तुमच्याकडून काढा. गणित बाबांकडे द्या, संध्याकाळी अर्धा तास. मराठी आजीकडे द्या. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि आजी भारतात गेल्यावर व्हिडिओ कॉलवर तेच पान पुढे चालू. जवळपास बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी) जोडलेली मराठी शाळा असेल तर तिथेही घाला, पण आधी तिथल्या शिक्षिकेशी बोला. या मुलीची मराठी आजीआजोबांच्या हौसेची नाही, तिची पहिली चार वर्षं त्या भाषेत गेली आहेत.

वाचन अडलेलं असेल तर त्याला आळस म्हणू नका. भाषा बदलली, सुरुवातीची वर्षं संस्थेत गेली, यातलं काहीही कारण असू शकतं. मूल शाळेत जात नसलं तरी तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे लेखी अर्ज करून तिच्या शिकण्यातल्या अडचणींची मोफत तपासणी मागता येते. होमस्कूलिंगवाली बरीच कुटुंबं हे टाळतात, सरकारी माणसं घरात नकोत म्हणून. तुम्ही टाळू नका.

ख्रिश्चन गटाबद्दल. अमेरिकेतल्या अशा अनेक को-ऑपमध्ये, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून चालवलेल्या गटांमध्ये, प्रवेशासाठी श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर पालकांची सही लागते. तो शब्दन्‌शब्द वाचा. जे मानत नाही त्याखाली सही करू नका, मुलगी बघत असते. काही गट सहीविना पाहुणे म्हणून खेळाला, सहलीला येऊ देतात, तेवढं जरूर घ्या. पुस्तकांचंही तेच. अबेका किंवा बीजेयू प्रेस या ख्रिश्चन प्रकाशकांची पुस्तकं बायबलच्या चौकटीत लिहिलेली असतात, विज्ञानाचीसुद्धा. हे माहीत असून घेतलं तर हरकत नाही, नकळत घेऊ नका.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. त्या मंडळींमध्ये दत्तक मुलं पुष्कळ असतात, कारण अनाथांची काळजी घेणं हे ते बायबलचं सांगणं मानतात, आणि त्यांच्यातली बरीच माणसं ते निष्ठेने करतात. पण तुमच्या लेकीसमोर कुणीतरी म्हणेल की हिला वाचवलं गेलं. आपल्या मंडळाच्या गणपतीत तेच वाक्य "केवढं पुण्याचं काम केलंत हो!" असं येतं. दोन्हींमध्ये ती उपकाराखाली दबते. "पुण्य कसलं, आम्हाला लेक हवी होती" एवढं म्हणा आणि पुरणपोळीकडे वळा. "कुठून आणली?" विचारणाऱ्याला "पुण्याची आहे आमची" पुरे. बाकीचा तपशील तिचा आहे, कुणाला सांगायचा ते ती ठरवेल.

एक कोरडी गोष्ट मध्येच सांगून टाकते. घरी शिकणाऱ्या मुलांकडे शाळेची कागदपत्रं नसतात, म्हणून बाकीची पक्की हवीत. तुमच्यापैकी एकजण अमेरिकन नागरिक असेल, मुलगी ग्रीन कार्डवर तुमच्याकडेच राहत असेल आणि दत्तक प्रक्रिया पूर्ण असेल तर 27 फेब्रुवारी 2001 पासून लागू असलेल्या कायद्याने ती आपोआप नागरिक होते. पण आपोआप झालेल्या गोष्टीचा पुरावा हाताशी लागतो. पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचा दाखला काढून घ्या. तुम्ही दोघं अजून ग्रीन कार्डवर असाल तर तिचं नागरिकत्व तुमच्यापैकी एकाच्या नागरिकत्वाला बांधलेलं आहे आणि ते तिच्या अठराव्या वाढदिवसाआधी व्हायला हवं. वकिलाला विचारा, या महिन्यातच.

राहता राहिलं गोत्र. दत्तक आलेल्या मुलाला घराचं गोत्र मिळतं, ही आपली जुनी रीत आहे. दत्तहोम केला नाही म्हणून काही राहिलं, असं सासूबाईंना वाटत असेल तर त्यांना सांगा की 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानेही दत्तहोम आवश्यक मानलेला नाही, आणि 2015 च्या किशोर न्याय कायद्याखाली आदेश निघाला, मग तो न्यायालयाचा असो की सप्टेंबर 2022 नंतरचा जिल्हाधिकाऱ्यांचा, की ती सर्व हक्कांनिशी तुमची. पण हे तुम्ही सांगू नका, तुमच्या यजमानांनी सांगायचं. त्यांची आई आहे. आणि मुलगी झोपल्यावर सांगायचं, तिच्यासमोर हा विषय पुन्हा निघता कामा नये.

पूजेला गुरुजी येणार असतील तर आदल्या दिवशी फोन करून नाव आणि गोत्र कळवून ठेवा, म्हणजे संकल्पाच्या वेळी चौकशी होणार नाही. जन्मवेळ विचारली तर माहीत नाही म्हणा. कागदावरची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली असेल तर त्यावरून पत्रिका करण्यात अर्थ नाही. राशीसाठी गुरुजी अडून बसलेच तर नावरास सांगा. पितृपक्षात तिच्या पहिल्या आईच्या नावाने पान वाढावं असं कुणी सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा. ती बाई गेल्याचं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.