इंग्लंडच्या महिला फुटबॉलमध्ये एफए कप असताना हरलेल्या संघांसाठी आणखी एक बाद पद्धतीचा कप कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लीग आहे, एफए कप (एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना) आहे, लीग कपही आहे, मग खालच्या स्तरावर पहिल्याच फेरीत हरलेल्यांसाठी वेगळी स्पर्धा काढायची काय गरज होती? आणि नव्याने बघणाऱ्याने यातलं नेमकं काय बघावं? दुसऱ्याचं उत्तर शेवटी देते. पहिल्या प्रश्नाचा सूर ओळखीचा वाटला. गेली कित्येक वर्षं तो मी घरातच ऐकते आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही म्हणताय ती स्पर्धा म्हणजे नॅशनल लीग प्लेट. 2014-15 च्या हंगामात सुरू झाली, तेव्हा महिलांच्या नॅशनल लीगला विमेन्स प्रीमियर लीग म्हणत. तिसऱ्या आणि चौथ्या स्तरावरचे संघ यात येतात. वर उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रीमियर विभाग, खाली चार विभाग, सगळे मिळून 72 संघ. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची एक फेरी होते. जिंकलेले याच लीगच्या कपात जातात, हरलेले प्लेटमध्ये. तिथून पुढे दोन्हीकडे हरला तो घरी.

माझा थोरला भाऊ कोल्हापूरचा, पेठेच्या संघातून खेळलेला, शाहू स्टेडियमवर वाढलेला. त्याला मी ही पद्धत फोनवर समजावून सांगितली तेव्हा म्हणाला, "हरलेल्यांचा कप? उद्या नापास झालेल्यांना हार घालून मिरवणूक काढ म्हणशील." त्याच्या जागी तो बरोबरच आहे. कोल्हापुरात पुरुषांच्या संघाला सामन्यांचा तुटवडा कधीच नव्हता. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग संपली की एकामागून एक बाद पद्धतीच्या स्पर्धा. आज टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्टी किकांवर, हरलात तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या तरी नावाच्या चषकात परत उतरायचं. हरण्याची ऐपत असलेल्या माणसाला दुसरी संधी हास्यास्पद वाटणारच.

आमच्या शाळेने एके वर्षी मुलींचा संघ काढला होता. जिल्ह्याची स्पर्धा, बाद पद्धत. बूट मुलांच्या संघाचे, पुढे कापूस कोंबून घातलेले. पहिल्याच सामन्यात आम्ही सपाटून हरलो आणि मैदानाच्या कडेलाच सरांनी बूट मोजून परत घेतले. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. पुढच्या वर्षी आम्हाला खो-खोला घातलं. सर वाईट नव्हते. एका सामन्यावर जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं, आणि बाद पद्धत तेवढंच दाखवते.

इंग्लंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं आहे. 26 डिसेंबर 1920 ला गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज (एका कारखान्यातल्या बायकांचा संघ) आणि सेंट हेलेन्स यांच्या सामन्याला 53,000 लोक आले होते. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, एफएने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. बायका गप्प बसल्या नाहीत. पाचच दिवसांत ब्लॅकबर्नमध्ये इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन उभी राहिली आणि 1922 मध्ये तिने स्वतःचा कप भरवला. 23 संघ होते. 24 जूनला कॉब्रिजच्या मैदानावर स्टोक लेडीजने डॉनकास्टर अँड बेंटलीला 3-1 हरवलं. तो पहिला कप, आणि तोच शेवटचा. मैदानबंदी हे मुख्य कारण, त्यात शंका नाही. पण मला वाटतं, ज्या संघांच्या वाट्याला त्या कपातला एकच सामना आला, त्यांना पुढच्या वर्षासाठी एकत्र धरून ठेवणारं हातात काहीच नव्हतं.

बंदी उठायला 1970 उजाडलं. 1970-71 मध्ये विमेन्स फुटबॉल असोसिएशनने नवा कप काढला. 71 संघ उतरले, त्यात स्कॉटलंडचेही होते. 9 मे 1971 ला क्रिस्टल पॅलेसला साउथॅम्प्टनने स्ट्युअर्टन अँड थिसलला 4-1 हरवलं. आजचा महिलांचा एफए कप तो हाच. एफएने स्वतःकडे घेतला तो 1993 मध्ये. आता हे बघा: महिलांची देशपातळीवरची लीग सुरू झाली 1991 मध्ये. म्हणजे मधली वीस वर्षं देशपातळीवर होता तो फक्त कप. पहिल्या फेरीत हरलात की गावाकडच्या लीगमध्ये परत, वर्षभर.

आता माझ्या घरचं. माझी मुलगी इंग्लंडमधल्या चौथ्या स्तरावरच्या एका क्लबात दुसऱ्या क्रमांकाची गोलकीपर होती. क्लबाचं नाव सांगत नाही, कारण खजिनदार अजून तेच आहेत. त्या वर्षी संघ पहिल्या फेरीत हरला, प्लेटमध्ये गेला आणि सामना निघाला दूरचा. मोटारवेवर अडीच तास. बारच्या वरच्या खोलीत सभा भरली. खजिनदार म्हणाले, हा काही कप नव्हे, समजूत घालण्याचा प्रकार आहे. बस करायची गरज नाही, मुली आपापल्या गाड्यांनी जातील, चांगल्या चार-पाच जणींना घरी ठेवू, हजेरी लावून येऊ.

त्या सभेत माझं स्थान म्हणाल तर संघाचे कपडे धुणारी बाई. तरी विचारलं, जुलैत पुरुषांचा संघ मैत्रीपूर्ण सामन्याला गेला तेव्हा बसचे पैसे कुणी भरले? आणि तो सामना कुठल्या कपातला होता? उत्तर आलं की तो विषय आजच्या सभेच्या यादीत नाही. मी म्हटलं, मग घाला. घातला नाही. पण कोच, जी दिवसभर शाळेत शिकवते आणि संध्याकाळी फुकट मैदानावर उभी राहते, ती उठून म्हणाली की चांगल्या जणींना घरी ठेवायचं तर संघनिवड खजिनदारांनीच करावी, ती येणार नाही. अखेर ठरलं ते असं: अर्ध्या मिनीबसचे पैसे क्लबाचे, अर्धे आमचे.

आमचे म्हणजे पालकांचे. पुढच्या दोन घरच्या सामन्यांना चहाच्या खिडकीवर मी बटाटेवडे मांडले. पहिल्या रविवारी लोक लांबून बघत होते. दुसऱ्या रविवारी मध्यंतराआधीच संपले आणि पाहुण्या संघाचा लाइन्समन झेंडा काखेत धरून "ते पिवळं अजून आहे का" विचारत आला. हिरवी चटणी मात्र तशीच उरली. मिनीबस झाली.

सामन्याच्या दिवशी पहिल्या क्रमांकाची कीपर आजारी पडली आणि माझी मुलगी उतरली. चिखल एवढा की गोलकिक अर्ध्या मैदानापर्यंतही पोचेना. डाव्या बाजूला बचावात एक सतरा वर्षांची पोर होती, हंगामभर शेवटच्या दहा मिनिटांना उतरवायची ती. त्या दिवशी पूर्ण नव्वद मिनिटं खेळली. दोनदा तिच्या बाजूने गोल झाला, दोनदा आमच्यांनी फेडला आणि सामना टायब्रेकरला गेला. मुलीने एक किक अडवली, दुसरी समोरच्या पोरीने बाहेर मारली. जिंकलो. मिनीबसमध्ये मागे जो धिंगाणा झाला त्याचं वर्णन आई म्हणून मी करणार नाही.

पुढच्या फेरीत घरच्या मैदानावर 5-1 ने हरलो. खजिनदार खिशात हात घालून आले आणि म्हणाले, "झालं समाधान?"

झालं होतं. ती सतरा वर्षांची पोर त्या चिखलातल्या सामन्यानंतर लीगच्या संघात कायमची आली. त्याच्या महिनाभर आधी तिच्या वडिलांनी मला विचारलं होतं की वर्गणी भरून बाकावरच बसायचं तर उपयोग काय. प्लेटचा फायदा कुणाला, असं विचाराल तर तिला. पहिल्या अकरांत नसलेल्या, सोडू की राहू या विचारात असलेल्या मुलीला. ट्रॉफी कुणी उचलली हे मला विचाराल तर खरंच बघितलं नव्हतं.

वरच्या लोकांनाही हे कळतं, फक्त ते त्याला वेगळं नाव देतात. 2011 मध्ये सगळ्यात वरच्या स्तराची सुपर लीग सुरू झाली, आठ संघांची, आणि तिच्यासोबत नवा लीग कप. पहिल्या वर्षी सरळ बाद पद्धत. बर्नलीच्या टर्फ मूरवर आर्सेनलने बर्मिंगहॅम सिटीला 4-1 हरवलं. दुसऱ्याच वर्षी गट पाडले. 2016 ला बाद पद्धतीवर आले आणि त्यानंतर परत गटांवर गेले. गट पाडले की प्रत्येकाला ठरावीक सामने मिळतातच. मोठ्या क्लबांना ते मिळाले की त्याला नियोजन म्हणायचं, आणि आमच्या पोरींना मिळाले की समजूत घालणं!

माझं मत विचाराल तर या सगळ्यात कमी उपयोगाचा कप तो वरचा लीग कप. 2011 पासून 2025 पर्यंत तो तिघांनीच जिंकला: आर्सेनल सात वेळा, मँचेस्टर सिटी चार वेळा, चेल्सी तीन वेळा. एखादी स्पर्धा कमी करायचीच असेल तर तिथे कात्री लावा, प्लेटला हात लावू नका.

"खालचे संघ कपात येऊन दहा-दहा गोल खातात, त्यात कसला विकास" असंही लोक विचारतात. फेब्रुवारी 2020 मध्ये चौथ्या स्तरावरचा इप्सविच टाउन एफए कपाच्या पाचव्या फेरीत पोचला आणि मँचेस्टर सिटीकडून 10-0 हरला. 2022 मध्ये तोच क्लब उपांत्यपूर्व फेरीत होता आणि वेस्ट हॅमकडून हरला तो एका गोलने. दहा गोलांच्या दिवशी त्यांचे बूट कुणी परत घेतले नाहीत, एवढाच फरक.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. सामने वाढले की खर्च वाढतो, आणि या स्तरावर मुली नोकरी करून, सुट्ट्या खर्च करून खेळतात. सोमवारी सुजलेला गुडघा घेऊन कामावर जावं लागतं. वर तर दुखापतींचा प्रश्न आणखी गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या पायात आणखी एक कप अडकवायला माझाही विरोध आहे. आणि मालकाने हात वर केले तर कुठलाही कप क्लब वाचवत नाही. 2024 मध्ये रेडिंगने पैशांअभावी दुसऱ्या स्तरावरून माघार घेतली आणि पाचव्या स्तरावर गेला. 2025 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सनेही दुसरा स्तर सोडला. बक्षिसांचं म्हणाल तर 2021 पर्यंत महिलांचा एफए कप जिंकणाऱ्याला 25,000 पाउंड मिळत आणि पुरुषांना 18 लाख पाउंड. नंतर महिलांची एकूण रक्कम 30 लाख आणि मग 60 लाख पाउंड झाली, पण त्यातलं फार थोडं आमच्या स्तरापर्यंत झिरपतं. लूइससारखा क्लब, ज्याने 2017 मध्ये पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांना सारखं बजेट द्यायला सुरुवात केली, तो यावर सतत बोलतो. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. भारतातून बघत असाल तर मे महिन्यातली एफए कपची वेम्बलीवरची फायनल बघा. 2023 ला 77,390 लोक होते, वातावरण छानच असतं. पण फायनलवरून या खेळाचा अंदाज बांधू नका. इंग्लंडमध्ये असाल तर जवळचा नॅशनल लीगचा संघ शोधा. सामने बहुतेक रविवारी दुपारी दोनला असतात, तिकीट परवडतं, आणि कुंपणाला टेकून उभं राहिलात तर कीपर बचावाला काय शिव्या घालते तेही ऐकू येतं. गमबूट न्या.

आणि तुम्ही कुठे शाळेत, गावात स्पर्धा भरवत असाल तर पहिल्या फेरीत हरलेल्यांना त्याच दिवशी दुसरा सामना द्या. मैदान तेच, पंच तेच, वाढतो तो फक्त सरबताचा खर्च. दादा, हे तुलाही आहे. तुमच्या मंडळाच्या मुलींच्या स्पर्धेचं पत्रक अजून छापायला गेलेलं नाही, हे मला वहिनीने सांगितलंय.