चार वेळा वाचलं, तरी पेपरात घोळ का होतो?

भाऊ, तलाठी भरतीचं पुस्तक चार वेळा वाचलं, वाचताना सगळं येतं असं वाटतं आणि पेपरात चारपैकी दोन पर्याय सारखेच बरोबर दिसतात. म्हणून तुम्ही विचारलं, की आपली स्मरणशक्तीच कमी आहे का. नाही. माहिती आत गेलेली आहे, ती बाहेर काढायचा सराव झालेला नाही. गावातल्या अभ्यासिकेत बरीच वर्षं पोरांसोबत बसतो, हा घोळ जवळपास प्रत्येकाचा होतो.

पुन्हापुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटतं, हे आलं. पण चुकीच्या पर्यायातली नावंही त्याच पुस्तकातली, तीही ओळखीचीच! 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला लावला, दुसरा एकदा वाचून न पाहता लिहून काढायला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला, 81 टक्के, आणि लिहून काढलेला 75. आठवड्यानं विचारलं तर दोनदा वाचलेला 42 टक्क्यांवर आला होता, लिहून काढलेला 56 वर होता.

आपल्या गावांत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारी म्हातारी माणसं पाहा. कित्येकांना अक्षरओळख नाही. पुस्तकात पाहायची सोयच नव्हती, दर वेळी मनातूनच काढावं लागलं, म्हणून पक्कं झालं. वापरातली पांदणच मोकळी राहते. शिवाय चाल आणि ताल पुढच्या ओळीची खूण देतात.

अशी खूण अभ्यासातही तयार करता येते. मनात एका वेळी धरता येतात त्या गोष्टी फार थोड्या, चारेक. म्हणून नद्यांची सुटी यादी घोकू नका. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, तिथून पुढे प्राणहिता, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. नकाशावर बोट फिरवत एकदा म्हणा, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढा. एक नाव सुचलं की पुढचं आपोआप येतं. दुसऱ्या दिवशी परत काढा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. थोडं विसरल्यावर आठवायला जोर लागतो, तो जोर लागू द्या. लगेच पान उघडू नका.

राहिला साठवणीचा भाग. नवी आठवण आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागावर अवलंबून असते. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत तो भाग बराचसा काढला गेला. त्यानंतर नुकताच भेटलेला माणूस त्यांच्या लक्षात राहत नसे, लहानपण मात्र आठवत होतं. जुन्या आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरतात आणि हे मुरणं बरंचसं झोपेत होतं.

म्हणून जागरण करून वाचणं मला अजिबात पटत नाही. रब्बीत रात्रीची लाइन असली की ओलिताला जावंच लागतं, हे मला ठाऊक आहे. अशा दिवशी नवा धडा घेऊ नका. दुपारी जेवून तासभर झोपा, त्या झोपेचाही उपयोग होतो. आणि संध्याकाळी फक्त कालचं, पुस्तक न उघडता, लिहून काढा.