जायंट सेल ट्यूमर: पहिल्या क्युरेटाजआधी

हाडातली ही गाठ खरवडून काढणं, म्हणजे क्युरेटाज, जमेल तुम्हाला, फक्त घाई नको. आधी बायोप्सी, छातीचा सीटी आणि रक्तातलं कॅल्शियम व पॅराथायरॉइड हार्मोन. हे हार्मोन वाढल्यामुळे हाडात होणारा ब्राउन ट्यूमर हुबेहूब असाच दिसतो. बायोप्सीचा मार्ग पुढच्या छेदाच्या रेषेतच हवा.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाडाला लहान खिडकी. कडेच्या आड गाठ उरते आणि तीच परत वाढते. खिडकी पोकळीइतकी रुंद करा, प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसत्या खरवडण्यावर थांबू नका, सगळ्या भिंतींवर हाय-स्पीड बर (वेगाने फिरून हाड घासणारं टोक) फिरवाच. मग भरपूर धुवून पोकळीत बोन सिमेंट भरा. कूर्चेखालचं हाड पातळ असेल तर तिथे आधी बोन ग्राफ्टचा (रोपणाच्या हाडाचा) थर द्या.

डेनोसुमॅब (हाडाची झीज रोखणारं औषध) सध्या वरिष्ठांवर सोडा. पहिली 2 वर्षं दर 3-4 महिन्यांनी एक्स-रे काढा. सिमेंटभोवतीची काळी कड रुंदावत असेल तर गाठ परतल्याचा संशय घ्या.