फुगलेले कपॅसिटर : बोर्ड टाकायचा की वाचवायचा?

प्रश्न : जुना डेस्कटॉप सकाळी तीन-चारदा बटण दाबल्यावर चालू होतो, एकदा तापला की दिवसभर कुरकुर नाही. प्रोसेसरशेजारच्या पाचपैकी तीन कपॅसिटरची टोपणं फुगली आहेत. त्यांवर ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड असं छापलंय. दुकानदार बोर्डच बदला म्हणतो. घरी १६ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचे पडून आहेत. चालतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बोर्ड टाकू नका, पण घरचे कपॅसिटरही लावू नका. व्होल्टेज जास्त चालतं; क्षमता (मायक्रोफॅरडचा आकडा) कमी नको. त्याहून महत्त्वाचा ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध. आतलं द्रव सुकलं की तो वाढतो, थंडीत आणखीच. म्हणून रड सकाळची. साधा मल्टिमीटर कपॅसिटरची फार तर क्षमता मोजतो, ईएसआर नाही, त्यामुळे खराब नगही १४०० दाखवून फसवतो. तेव्हा न फुगलेले दोनही बदला.

दुकानात ‘लो ईएसआर’ असं स्पष्ट मागा. नुसतं १०५ डिग्री लिहिलेलं पुरत नाही, साध्या मालावरही ते असतं. जुन्याचा व्यास मोजून न्या : ८ मिमीच्या डब्याच्या पायांत सहसा ३.५ मिमी अंतर असतं, १० मिमीच्या पायांत ५.

घोळ होतो तो काढताना. ऋण पाय बोर्डातल्या ग्राउंडच्या तांब्याच्या थराला जोडलेला असतो. तो थर सगळी उष्णता ओढून घेतो. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाक वितळत नाही, माणूस वैतागून ओढतो आणि भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं. ६० वॅटचं आयर्न आणि रुंद बिट घ्या. फ्लक्स (डाक नीट वाहावी म्हणून लावायची पेस्ट) लावून जुन्या डाकेवर थोडं ताजं ६०/४० सोल्डर चढवा. मग एकेक पाय आळीपाळीने तापवत डबा अलगद कलता करत सोडवा. उरलेलं सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) टिपा किंवा तापवून स्टीलची सुई घाला. ड्रिल अजिबात नको, तेच अस्तर कापलं जातं.

डब्यावरचा पट्टा ऋण बाजूचा. बोर्डावर रंगवलेला अर्धा भाग बहुधा ऋण असतो, पण काही कंपन्या धन बाजू रंगवतात! म्हणून काढण्याआधी फोटो घ्या. शंका राहिली तर मल्टिमीटर बीपवर (जोड असला की वाजतो त्या खुणेवर) ठेवून बोर्डाच्या स्क्रूच्या कड्याशी कोणतं भोक जुळतं ते पाहा. या जागी तेच ऋण.

एवढं करूनही सकाळची रड राहिली, तर एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) ५ व्होल्ट स्टँडबायच्या, म्हणजे कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणाऱ्या पुरवठ्याच्या, कपॅसिटरवर संशय घ्या. पण एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असू शकतो.